रॉ फाइल जशीच्या तशी, मग एडिटिंग गेलं कुठे?

प्रश्न बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण छायाचित्रकाराचा आहे. थोडक्यात असा: "लग्नाचे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढतो, लाइटरूम क्लासिक या प्रोग्रॅममध्ये एडिट करतो. जुना कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून दोन लग्नांचे फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवले आणि नव्या कॉम्प्युटरवर उघडले, तर फोटो सगळे कोरे दिसालेत. केलेलं काम परत मिळेल काय? या एडिटिंगला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह, म्हणजे मूळ फाइल न बिघडवणारं म्हणतात, मग ते गेलं कसं? आणि त्यातल्या एका पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाइकानं, आता रॉ फाइल्स मागितल्यात. द्यायच्या काय?"

आधी तातडीचं सांगतो. जुना कॉम्प्युटर विकू नका, फॉरमॅट करू नका, त्यावरचा लाइटरूम काढून टाकू नका. तुमचं काम अजून त्याच्यातच आहे. हार्ड डिस्क त्या जुन्या कॉम्प्युटरला जोडा, लाइटरूम उघडा. डावीकडे त्या दोन फोल्डरांच्या नावावर प्रश्नचिन्ह दिसेल. नावावर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' घ्या आणि फोल्डर आता हार्ड डिस्कवर कुठे आहे ते दाखवा. प्रश्नचिन्ह जाईल आणि एडिटिंग जिथल्या तिथे दिसेल. मग ग्रिडमध्ये सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल-एस दाबा आणि काम पुरं होईपर्यंत थांबा. आता हार्ड डिस्कवरच्या फोल्डरात पाहा: प्रत्येक रॉ फाइलशेजारी त्याच नावाची, एक्सएमपी शेपटाची एक छोटी फाइल आलेली असेल. तुमचं एडिटिंग तिच्यात लिहिलेलं असतं. ती आली की हे फोल्डर कुठल्याही कॉम्प्युटरवरच्या लाइटरूममध्ये नव्यानं इम्पोर्ट केलं तरी एडिटिंग सोबत येईल. कलेक्शन्स (तुम्ही पाडलेले फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी असं सगळंच न्यायचं असेल तर त्याच जुन्या कॉम्प्युटरवरून 'एक्स्पोर्ट ॲज अ कॅटलॉग' करा (कॅटलॉग म्हणजे लाइटरूमची नोंदवही, तिच्याबद्दल पुढे येतंच) आणि तो कॅटलॉग नव्या कॉम्प्युटरवर उघडा.

हे झालं की पुढचं निवांत वाचा. कारण खरा प्रश्न 'गेलं कसं' हाच आहे, आणि त्याचं उत्तर नीट कळलं तर पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडेल.

तुमच्या रॉ फाइल्सना काहीही झालेलं नाही. त्या कोऱ्या दिसतायत, हाच त्यांना कुणी हात लावला नसल्याचा पुरावा आहे. रॉ फाइल म्हणजे फोटो, असं आपण बोलताना म्हणतो. पण आत चित्र नसतं, आकडे असतात. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही रचना, पेटंट १९७६ चं; दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. आजचे बहुतेक कॅमेरे याच रचनेवर चालतात. त्या त्या बिंदूवर त्या एका रंगाचा प्रकाश किती पडला, एवढीच नोंद रॉमध्ये असते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबानं भरायचे, व्हाइट बॅलन्स लावायचा (म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवायचे), उजेड-अंधाराची चढण डोळ्याला पटेल अशी करायची, तेव्हा कुठे चित्र तयार होतं. हे काम लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांच्यासारखे प्रोग्रॅम दर वेळी नव्यानं करतात आणि पडद्यावर दाखवतात. तयार झालेलं चित्र परत त्या एकरंगी आकड्यांत भरून ठेवायची सोयच नाही. त्यामुळे मूळ फाइल ते फक्त वाचतात.

याची खूण तुम्ही रोज पाहता. इम्पोर्ट करताना फोटो झकास रंगीत दिसतो आणि सेकंदाभरात फिका पडतो. 'लाइटरूम रंग खातो' अशी तक्रार बरेच जण करतात. होतं इतकंच, की कॅमेऱ्यानं रॉच्या पोटात स्वतःची एक तयार जेपीजी ठेवलेली असते. आधी ती दिसते. मग लाइटरूम मूळ आकडे उघडून स्वतःच्या पद्धतीनं चित्र बनवतो, ते दिसतं. कॅमेऱ्याचेच रंग आवडत असतील तर प्रोफाइलमध्ये (रंग बनवायच्या तयार पद्धतींच्या यादीत) जाऊन 'कॅमेरा स्टँडर्ड' किंवा 'कॅमेरा पोर्ट्रेट' निवडा, बरेच जवळ येतात.

मग तुम्ही स्लायडर हलवता तेव्हा बदलतं काय? बदलतो तो हुकूम. 'एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर, हायलाइट चाळीस खाली, डावीकडून एवढं कापा' असे हुकूम लिहून ठेवले जातात आणि चित्र त्यांच्याप्रमाणे पुन्हा रांधलं जातं. डार्करूममध्ये काम केलेल्या जुन्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. निगेटिव्ह पाकिटात सुरक्षित असायची. आकाशाला जादा किती सेकंद द्यायचे, चेहऱ्यावर किती वेळ हाताची सावली धरायची, हे कागदावर टिपलेलं असायचं आणि पुढची प्रिंट त्यावरून निघायची. आपलं काम तेच आहे. फरक एवढाच, की आपला कागद कुठे ठेवलाय हे आपण बघतच नाही.

लाइटरूम हे हुकूम एका डेटाबेसमध्ये लिहितो. त्यालाच कॅटलॉग म्हणतात. त्याच्या फाइलचं शेपूट एलआरकॅट. फोटो कॅटलॉगच्या आत नसतात. अमुक ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरातली अमुक फाइल आणि तिला हे हे करायचं, एवढंच त्यात असतं. तुम्ही फोल्डर विंडोजमधून उचलून नेलं आणि नव्या कॉम्प्युटरवर नवा, रिकामा कॅटलॉग सुरू केला. आकडे गेले एका घरी, हुकूम राहिले दुसऱ्या घरी. एक्सएमपी फाइल आपोआप लिहायची सोय लाइटरूममध्ये आहे, पण मुळात ती बंद असते. 'कॅटलॉग सेटिंग्ज'मध्ये 'मेटाडेटा'च्या पानावर 'ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इन्टू एक्सएमपी' असं लिहिलंय, तिथे टिक करा. आजच करा. कॉम्प्युटर किंचित जड चालतो अशी कुरकुर काही जण करतात. मला ती किंमत शून्य वाटते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लॉसलेस (काही न गमावता दाबलेली) रॉ साधारण २५ ते ३० एमबीची असते. शेजारची एक्सएमपी बहुधा काही केबींची, मास्क (फोटोच्या एखाद्या भागापुरतं एडिटिंग) जास्त वापरले तर थोडी मोठी. एका लग्नाचे ३,००० फोटो धरले तर रॉचे ७५ ते ९० जीबी होतात. त्यावरचे तुमचे सगळे हुकूम मात्र एखाद्या लहान पेन ड्राइव्हवरही मावतील.

डार्कटेबलवाल्यांना ही अडचण सहसा येत नाही, कारण तो प्रोग्रॅम शेजारची एक्सएमपी मुळातच लिहितो. मात्र दोन्हींची एक्सएमपी एक नव्हे. लाइटरूम रॉचं शेपूट काढून तिथे एक्सएमपी लावतो, डार्कटेबल पूर्ण नावापुढे एक्सएमपी जोडतो. एकाचं स्टार रेटिंग, कीवर्ड दुसऱ्याला वाचता येतात. रंगाचे हुकूम मात्र जसेच्या तसे पलीकडे जात नाहीत, कारण प्रत्येकाचं रांधायचं गणित वेगळं. मध्येच प्रोग्रॅम बदलायचा विचार असेल तर जुन्या कामाच्या पूर्ण आकाराच्या फाइल्स आधी काढून ठेवा.

आणखी दोन ठिकाणी हुकूम हरवतात. पहिलं, रॉचं नाव विंडोजमधून बदललं आणि एक्सएमपीचं राहिलं तर. जोडी नावावर जुळते, नाव बदललं की एक्सएमपी पोरकी होते. नाव द्यायचं ते इम्पोर्ट करतानाच द्या, नंतर बदलायचं झालं तर लाइटरूमच्या आतून बदला. दुसरं ठिकाण जास्त घातक. कॅटलॉगमध्ये एक आणि एक्सएमपीत दुसरंच असं झालं, की लाइटरूम फोटोच्या कोपऱ्यात खूण दाखवून विचारतो: डिस्कवरून आत घेऊ, की डिस्कवरचं पुसून त्यावर लिहू? घाईत चुकीचं बटण दाबलं तर चांगलं काम कोऱ्या हुकमांखाली जातं, आणि तेही शेकडो फोटोंवर एकदम. दोन कॉम्प्युटरांवर एकच फोल्डर उघडणाऱ्यांनी, म्हणजे दुकानात एक आणि घरी एक असा कारभार असणाऱ्यांनी, हा प्रश्न आला की हात मागे घ्यावा, फोल्डरातल्या एक्सएमपी दुसरीकडे कॉपी कराव्यात आणि मगच उत्तर द्यावं.

जुना कॉम्प्युटर आधीच फॉरमॅट झाला असता तर? तरी दोन वाटा आहेत. लाइटरूम बंद करताना कॅटलॉगचा बॅकअप घेऊ का असं विचारतो. तो बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलेला असेल तर झिप उघडून तो कॅटलॉग वापरता येतो. दुसरी वाट फार जणांना ठाऊक नाही. एक्स्पोर्ट करताना मेटाडेटाच्या रकान्यात 'ऑल मेटाडेटा' ठेवलेलं असेल तर निघालेल्या जेपीजीच्या पोटातही डेव्हलपचे, म्हणजे एडिटिंगच्या स्लायडरांचे आकडे लिहिलेले असतात. एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं ते बाहेर काढून एक्सएमपी बनवता येते. त्यात 'हे बदल आधीच लागू केलेत' अशा अर्थाची एक ओळ ट्रू लिहिलेली असते, ती फॉल्स करावी लागते, मग लाइटरूम ते आकडे रॉला लावतो. रंग-उजेडाचे ढोबळ आकडे परत मिळतात. बारीक मास्क पुन्हा तपासून घ्या. यासाठी जेपीजी मूळ एक्स्पोर्ट केलेली हवी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली चालत नाही, तिथे ही माहिती गळून पडते.

आता या पद्धतीचं खरं बळ कुठे आहे ते एका फोटोवर सांगतो, कारण 'मूळ सुरक्षित राहतं' एवढंच ऐकून माणूस ते विसरून जातो.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या. रात्रभर चालते. मारुती गल्ली, खडे बाजाराच्या बाजूला उभं राहिलं की एकाच चौकटीत मशालीचा पिवळा जाळ, रथावरचे रंग बदलणारे एलईडी आणि दुकानाच्या पाटीची पांढरी ट्यूब, असं सगळं असतं. समोर भगवा फेटा बांधलेला पोरगा. फोटो काढला, मागच्या पडद्यावर पाहिलं तर फेट्याचा सपाट केशरी गोळा झालेला, एक चुणी दिसत नाही. जेपीजीमध्ये काढला असता तर विषय तिथेच संपला असता. रॉमध्ये मात्र दरवेळी तसं नसतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो आणि हिस्टोग्रॅम (उजेड-अंधाराचा आलेख) दोन्ही त्या पोटातल्या जेपीजीवरून बनतात, आणि ती जेपीजी व्हाइट बॅलन्स व भडक प्रोफाइल लावून झाल्यावरची असते. पडद्यावर लाल रंग काठोकाठ भरलेला दिसत असला तरी मूळ आकड्यांत पुष्कळदा थोडी जागा शिल्लक असते.

अशा फोटोला मी आधी स्लायडर लावत नाही, प्रोफाइल बदलतो. 'ॲडोबी कलर' किंवा 'व्हिव्हिड'वरून 'न्यूट्रल'वर आलो की फेट्याच्या चुण्या बऱ्याचदा तिथेच उमटायला लागतात. मग व्हाइट बॅलन्स. रॉमध्ये तो पक्का झालेला नसतो. कॅमेऱ्यानं निवडलेला आकडा नुसती चिठ्ठी म्हणून जोडलेला असतो, म्हणून तो फुकट बदलता येतो. मी तो चेहऱ्यावर जुळवतो. मशाल पिवळी राहू दे. मशालीचा उजेड पांढरा केला तर ती रात्र शिवजयंतीची राहत नाही. त्यानंतर केशरीची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली आणि सॅच्युरेशनही (भडकपणा) जरा कमी. हे का करावं लागतं, तर शेवटी आपण फोटो एसआरजीबीत देणार. ती रंगांची चौकट लहान आहे, भगव्या-केशरीचे भडक भाग तिच्यात मावत नाहीत आणि आत चांगला दिसणारा फेटा एक्स्पोर्टनंतर पुन्हा सपाट होतो. 'माझ्याकडे बरोबर दिसतो, लॅबमधून वेगळा येतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं, आणि लॅबवाल्याचा त्यात काही दोष नसतो. 'सॉफ्ट प्रूफिंग' चालू करून पाहिलं की कुठले रंग मावत नाहीत ते आधीच कळतं.

एवढं करून मी एक व्हर्च्युअल कॉपी काढतो आणि तीच चौकट ब्लॅक अँड व्हाइट करून पाहतो. व्हर्च्युअल कॉपी म्हणजे दुसरी फाइल नव्हे. त्याच रॉसाठी हुकमांचा दुसरा संच. एका रॉपासून वर्तमानपत्रासाठी आडवा, मंडळाच्या फ्लेक्ससाठी उभा आणि घरच्यांसाठी रंगीत, असे तिन्ही निघतात आणि डिस्कवर जागा जवळजवळ वाढत नाही. लक्षात ठेवा, व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन्स आणि पायरी-पायरीचा इतिहास हे एक्सएमपीत जात नाहीत, ते कॅटलॉगमध्येच राहतात. म्हणून वर एक्सएमपी आणि कॅटलॉग दोन्हींचं सांगितलं.

गोकाकच्या धबधब्याचं उदाहरणही याच मालिकेतलं. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी तांबूस, मातकट असतं आणि तेच तिथलं वैभव. ऑटो व्हाइट बॅलन्स त्या रंगाला दोष समजतो आणि पाणी करडं करून टाकतो. जेपीजीतून तो रंग परत आणताना खडक आणि आकाश दोन्ही बिघडतात. रॉमध्ये एका स्लायडरचं काम.

पण रॉ म्हणजे सगळं माफ, असं मात्र समजू नका. प्रकाश किती पडला हे एकदा ठरलं की ठरलं. हळदीच्या कार्यक्रमात भर दुपारी पांढऱ्या साडीवर ऊन पडलं आणि तिन्ही रंगांचे बिंदू भरून वाहिले, तर तिथे काठ-पदर कुठलाच प्रोग्रॅम आणू शकत नाही. आणला तर तो कल्पनेनं काढलेला असेल. एकच रंग भरून गेला असेल तर बाकी दोघांवरून अंदाज बांधता येतो, इतकंच. उलट बाजूला अंधाराचंही गणित कडक आहे. चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, आठ बिटच्या जेपीजीत दर रंगाला २५६. पण रॉच्या त्या पायऱ्या सरळ रेषेत वाटलेल्या असल्यामुळे सगळ्यात उजळ एका स्टॉपलाच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) निम्म्या, म्हणजे ८,१९२ जातात. त्याखालच्याला ४,०९६, त्याखाली २,०४८, असं निम्मं निम्मं होत जातं. तळाच्या सावल्यांना उरतात मोजक्याच, आणि त्यातही नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके मिसळलेले. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात बाहेरच्या उन्हावर एक्स्पोजर घेऊन गाभारा नंतर चार स्टॉप उचलू म्हटलं, तर दगडाचा पोत हाती येत नाही, ठिपके येतात. तिथे तिपाई लावून दोन-तीन एक्स्पोजर काढणं हाच मार्ग. तिपाईला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. मोशन ब्लर आणि हुकलेला फोकस यांचंही तसंच.

आता फोटोशॉप. चेहरे साफ करायला, मागून डोकावणारा माणूस काढायला तिथे जावंच लागतं, आणि मूळ फाइलला हात न लावायची शिस्त तुटते ती नेमकी तिथे. फोटोशॉपमध्ये तुम्ही आकड्यांवर नाही, तयार चित्राच्या पिक्सेलवर काम करता. बॅकग्राउंड लेयरवर (मूळ चित्राच्या थरावर) थेट डाग काढायचा हीलिंग ब्रश मारला आणि सेव्ह केलं की आधीचं गेलं. त्यामुळे एक नवी रिकामी लेयर घ्या, ब्रशला वर 'करंट अँड बिलो' द्या आणि डाग त्या लेयरवर काढा. नवरीची त्वचा प्लास्टिकसारखी झाली असं दुसऱ्या दिवशी वाटलं तर लेयरची ओपॅसिटी कमी करता येते. रंग-उजेडासाठी ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालचे पिक्सेल न बदलणारा वेगळा थर वापरा. त्या १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहेत, तरी अजून लोक थेट कर्व्ह मारतात याचं मला वाईट वाटतं. रॉ 'स्मार्ट ऑब्जेक्ट' म्हणून उघडली तर तिच्यावर डबल क्लिक करून परत रॉच्या स्लायडरवर जाता येतं. फाइल १६ बिटची, पीएसडी किंवा टिफ, लेयर न चपटवता ठेवा. मोठी होते, होऊ दे. अल्बममध्ये जाणारे मोजके फोटोच असे करायचे असतात.

जेपीजी हा शेवटचा माल आहे. लॅबला, पार्टीला, फोनवर द्यायचा. त्यात बदल हवा असेल तर जेपीजी उघडून पुन्हा सेव्ह करू नका, प्रत्येक सेव्हला ती थोडी झिजते. परत रॉकडे जा, हुकूम बदला, नवी काढा.

मूळ जपण्याचा एक फायदा उशिरा कळतो. प्रोग्रॅमचं रांधायचं गणित सुधारत जातं. लाइटरूमची पहिली आवृत्ती २००७ ची. त्यानंतर त्याची 'प्रोसेस व्हर्जन' अनेकदा बदलली. जुना फोटो उघडला तर तो जुन्याच गणितानं दिसतो, तुम्ही सांगितल्याशिवाय बदलत नाही. नवं गणित निवडलंत तर त्याच आकड्यांतून सावल्या जास्त स्वच्छ निघतात, नॉइज कितीतरी कमी होतो. त्या काळी कॅमेऱ्यानं बनवलेली जेपीजी तिथेच थांबलेली आहे. ज्यांनी आपल्या गावच्या जत्रा, लग्नं, यल्लम्माच्या यात्रा रॉमध्ये काढून मूळ फाइल्स जपल्या, त्यांच्याकडे आज आधीपेक्षा चांगले फोटो आहेत, आणि त्यासाठी त्यांना नव्यानं कॅमेरा उचलावा लागलेला नाही.

आणि विश्वासाचा मुद्दा. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा शेवटच्या फेऱ्यांत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल तपासायला मागतात. मिरवणुकीत, आंदोलनात काढलेल्या फोटोवर आपल्या भागात कधीही शंका घेतली जाऊ शकते. गर्दी खरी होती का, फलक खरा होता का, याला छायाचित्रकाराजवळ सर्वांत भक्कम आधार त्या रॉचाच. एडिट कितीही केलं असो, मूळ दाखवता आलं पाहिजे.

मूळ जपायचं तर कुठे? प्रोग्रॅम रॉला धक्का लावत नाही, धक्का लागतो तो आपल्या हातून आणि हवेमुळे. कार्ड कॅमेऱ्यात असतानाच त्यावरचे फोटो उडवू नका. दोन ठिकाणी कॉपी होऊन, उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम अजून खरा आहे. घराबाहेरची म्हणजे क्लाउडच हवी असं नाही. ९० जीबी अपलोड करायला तालुक्याच्या गावात नेट पुरत नाही. बेळगावात नातेवाइकांकडे ठेवलेली एक हार्ड डिस्क चालते. क्लाउडवर मात्र कॅटलॉग आणि एक्सएमपी जरूर टाका, त्या हलक्या असतात. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते, तिथे उघडी पडलेली हार्ड डिस्कही सुखात नसते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा डिस्क चालवून पाहणं. करंट जातो-येतो तेव्हा कॅटलॉग उघडा असेल तर तो बिघडू शकतो, म्हणून यूपीएस ही चैन नव्हे. डिस्क चालवून पाहायला बसाल त्याच बैठकीत कीवर्डही भरून टाका, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत. एक्सएमपीत दोन्ही व्यवस्थित बसतात आणि पुढे शोधणारा कोण असेल सांगता येत नाही.

सगळ्या रॉ डीएनजीत बदलून घ्याव्यात का, असं पुष्कळ जण विचारतात. लाइटरूमवाल्या ॲडोबीनं रॉ फाइलचा हा खुला प्रकार २००४ मध्ये आणला, आणि फाइल खराब झाली का ते तपासायची सोय त्यात आहे, हे चांगलं. पण हुकूम त्यात फाइलच्या आतच लिहिले जातात, म्हणजे एक स्लायडर हलवला की बॅकअपला अख्खी फाइल पुन्हा कॉपी करावी लागते. जुना लाइटरूम नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडत नसेल तरच मी डीएनजी करतो, आणि तेव्हाही मूळ ठेवतो.

लाइटरूमचं भाडं थांबलं तर काम अडकेल ही भीती अर्धीच खरी आहे. भाडं संपल्यावरही लाइटरूम क्लासिक उघडतो, फोटो दिसतात, एक्स्पोर्ट होतात. डेव्हलप, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद होतो. नवशिक्यानं डार्कटेबलवर सुरुवात केली तरी काही बिघडत नाही, फक्त ते शिकायला चिकाटी लागते.

राहिला पार्टीचा प्रश्न. इथे मनाचं नको, कायदा बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, तसा उलट करार झालेला नसेल तर. म्हणजे 'फोटो मी काढले, हक्क माझा' हे लग्नाच्या कामात आपोआप खरं ठरत नाही. त्यामुळे त्या पार्टीशी हुज्जत घालू नका. तुमच्यात लेखी काही ठरलेलं नसेल तर मी देईन. मात्र नुसत्या रॉ देऊ नका. कोऱ्या रॉ त्यांच्याकडे फिक्या दिसणार, त्या कुणीतरी भडक करणार आणि नाव तुमचं सांगितलं जाणार. रॉ, शेजारच्या एक्सएमपी आणि पूर्ण आकाराच्या तयार जेपीजी असं तिन्ही त्यांच्याच हार्ड डिस्कवर द्या. 'या मूळ नोंदी आहेत, तयार फोटो जेपीजीच्या फोल्डरात आहेत' असं कागदावर लिहून द्या. तुमची प्रत तुमच्याकडे ठेवा.

पुढच्या लग्नापासून ॲडव्हान्स घेतानाच पावतीवर चार गोष्टी लिहून सही घ्या: कॉपीराइट कुणाचा, रॉ मिळणार की नाही आणि मिळाल्या तर किती रुपयांत, तुम्ही त्या किती महिने सांभाळणार, आणि त्यानंतर डिस्क मोकळी करण्याआधी पार्टीला फोन करणार की नाही. मराठीत लिहा, पार्टी कन्नड असेल तर कन्नडमध्येही. सही झाली की एक प्रत त्यांना द्या आणि दुसरीचा फोटो त्याच लग्नाच्या फोल्डरात टाकून ठेवा.